बिळाबिळांची वाट

त्या मुलखात कोठार एकच होते आणि रस्ताही एकच होता. दाणा कोठारातून येई आणि निरोप रस्त्याने जाई. दर बांधाला रस्त्यावर एक चौकी होती आणि चौकीत मुंगूस बसे. ज्याला निरोप धाडायचा असेल त्याने पानावर दातांनी खुणा करायच्या आणि पान चौकीत नेऊन द्यायचे. मुंगूस ते पान उलगडी, वाची, हुंगी, कुणी कुणाला पाठवले हे ध्यानात ठेवी आणि पुढच्या चौकीकडे धाडून देई. पान दुसऱ्या दिवशी पोचे. कधी हरवत नसे, कधी भिजत नसे. मुंगसे उगीच कुणाला त्रास देत नसत. एखादी म्हातारी उंदरीण धापा टाकत आली तर तिला आधी सावलीत बसवत. त्यामुळे बहुतेकांना ही व्यवस्था चांगलीच वाटे. आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय, असे ते म्हणत. आणि खरोखरच, बहुतेक दिवशी बहुतेकांकडे तसे काही नसे.

धुरपी नावाची चिचुंद्री कोठारात कामाला होती. कणग्यांमधून सांडलेले दाणे वेचायचे, माती फुंकायची आणि दाणे परत कणगीत टाकायचे, एवढेच तिचे काम. तिला दिसायचे कमी, पण नाक असे होते की ओला दाणा आणि कोरडा दाणा ती लांबूनच वेगळा सांगे. तिच्या जोडीला केरबा नावाचा म्हातारा उंदीर होता. वेचता वेचता चार दाणे तोंडात टाकायची कामकऱ्यांना मुभा होती, आणि केरबा ती मुभा पुरेपूर घेई.

एके सकाळी केरबा कामावर आला तेव्हा त्याचे मागचे पाय जमिनीवर घासत होते. धुरपीने विचारले तर तो म्हणाला, "पाय म्हणतायत, तू हो पुढं, आम्ही येतो मागनं." सगळे हसले. आठ दिवसांनी तो आलाच नाही. त्यानंतर आणखी दोघांचे पाय गेले. तिघेही तिसऱ्या कणगीखाली वेचायला असत.

धुरपीने तिसऱ्या कणगीच्या फटीला नाक लावले. दाण्याच्या वासाखाली ओल्या भिंतीसारखा एक गार वास होता. तिने एक दाणा ओढून काढला. त्याच्या टोकाला निळसर भुकटी चिकटली होती.

कोठाराचा कारभार एक घोरपड पाही. तिने धुरपीचे सगळे शांतपणे ऐकून घेतले, दाणा जिभेने चाचपला आणि म्हणाली की थोडी ओल लागली असेल, वाळवू. मग जाता जाता मागे वळून म्हणाली, "बुरशीनं एक कणग नासते, बाई. तोंडाच्या बोलण्यानं अख्खं कोठार नासतं. कोठाराचं नाव गेलं तर मुलूख खाणार काय?" हे ती मनापासून बोलत होती. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या कणगीतला दाणा थोडा थोडा करून बाकीच्या कणग्यांमध्ये मिसळू लागला. पातळ झाले की बाधणार नाही, अशी घोरपडीची समजूत होती. आणि चौकीचौकीवर जाहीर झाले की जो कोठाराच्या नावाला बट्टा लावील त्याचे बीळ उकरले जाईल.

मोठ्यांना कदाचित ते पातळ विष सोसलेही असते. पण चाळीस दिवसांवर उष्टावण आली होती. त्या मुलखात वर्षभरात जन्मलेल्या सगळ्या पिल्लांना एकाच दिवशी, कोठाराच्या अंगणात, पहिला दाणा भरवत. तोवर ती आईच्या दुधावर किंवा किड्यामुंग्यांवर असत. सात बांधांपलीकडे धुरपीची थोरली बहीण गिरजा राहत होती आणि तिला यंदा चार पिल्लं झाली होती. उंदरासारख्या उंदराचे पाय ज्या दाण्याने गेले, तो दाणा चिंचोक्याएवढ्या पिल्लांच्या तोंडात जाणार होता. धुरपीला दुसरे काही सुचेना.

स्वतः जावे तर दर चौकीला परवाना दाखवावा लागे आणि त्यावर कारण लिहावे लागे. शिवाय उष्टावणीपर्यंत कोठारातल्या कुणालाच सुटी नव्हती. रस्त्याने निरोप धाडावा तर पहिल्याच चौकीत पान उलगडले गेले असते.

तिच्या शेजारी साळूआत्या राहायची. ती साळिंदर होती, पुष्कळ पावसाळे पाहिलेली, आणि तिचे बीळ इतके जुने की त्याची मागची तोंडे तिला स्वतःलाही नीट आठवत नसत. धुरपीने बुरशीविषयी अवाक्षर काढले नाही. चौकीवाचून निरोप जातो का गं आत्या, एवढेच विचारले.

साळूआत्याने तिला बिळात आणखी आत नेले. मग म्हणाली, "जातो. पण सावकाश जातो. पोचेलच असंही नाही. चालेल?"

चालेल, असे धुरपी म्हणाली.

ती वाट म्हणजे वाट नव्हतीच. प्रत्येक बिळाच्या मागल्या तोंडाशी एक कोनाडा होता, आणि या कोनाड्यापासून त्या कोनाड्यापर्यंत शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे जायचे, बस. निरोपाच्या पानावर दुसरे पान गुंडाळायचे, त्यावर तिसरे, त्यावर चौथे, जितकी बिळे तितकी पाने. बाहेरच्या पानावर फक्त पुढच्या बिळाची खूण असे. ज्याच्या कोनाड्यात पुडके येई त्याने आपल्या नावाचे पान सोलून खाऊन टाकायचे, आतली खूण पाहायची आणि पुडके त्या बिळाच्या कोनाड्यात ठेवून, आतला बाहेर यायच्या आत मागे फिरायचे. पुडके कुठून निघाले ते कुणाला कळत नसे, कुठे जाणार तेही कळत नसे. ज्याला त्याला फक्त आधीचा आणि पुढचा शेजारी माहीत. हे सगळे भर दुपारी चाले, कारण उन्हाच्या वेळी मुंगसे चौकीत पडून असत. मोबदल्यात दोन मुठी गवतबीसुद्धा कुणी मागत नसे. नियम एकच होता, आणि साळूआत्याने तो दोनदा सांगितला: आपले एक पुडके जावे असे वाटत असेल, तर आधी दुसऱ्यांची वाहायची आणि आपले बीळ वाटेला द्यायचे. एकटीच पाठवणारी असलीस तर ते पुडके तुझेच, हे आंधळ्यालाही कळेल.

तेव्हा धुरपीने आपल्या बिळाच्या मागच्या बाजूला कोनाडा खणला आणि दहा दिवस पुडकी वाहिली. कधी दुपारी एक, कधी पाच. पहिले काही दिवस तिला फार बरे वाटले. तिला वाटे, या पुडक्यात कुणा आजाऱ्यासाठी मुळीची खूण असेल, त्या पुडक्यात चौकीला नको असलेले कुणाचे लग्न असेल. ती अलगद उचले आणि अलगद ठेवी. मग एक दिवस कामावर कुणीतरी सांगितले की पलीकडच्या बांधांवर बिळाच्या वाटेने एक निनावी पान फिरले. ओढा फोडणार आहेत, बिळात पाणी शिरणार आहे, निघा, असे त्यावर होते. घरेच्या घरे पिल्ले घेऊन उघड्या माळावर पळाली. ओढा कुणी फोडला नाही. पण माळावर ससाण्यांना त्या दिवशी काही कमी पडले नाही.

धुरपीने दिवस मोजले. ते पान निघाले असेल त्या सुमाराला तिने त्याच बाजूला जाणारी नऊ पुडकी वाहिली होती. त्यांतले ते असेल किंवा नसेलही. हे कुणाला विचारता येण्यासारखे नव्हते. ती साळूआत्याकडे गेली आणि म्हणाली की आत काय आहे ते बघून मगच पुढे द्यायला हवे.

साळूआत्या कंद कुरतडत होती. ती कुरतडायची थांबली नाही. "बघ की," ती म्हणाली. "मग तुझ्या पुढचाही बघेल. त्याच्या पुढचाही बघेल. मग आपण सगळे मिळून एक लांबलचक चौकी होऊ. तुझं पान अशा वाटेनं पाठवशील?"

धुरपी उठली. घरी येऊन तिने आपले पान लिहिले. कोठाराच्या दाण्याला बुरशी आहे, मागचे पाय जातात, यंदा पिल्लांना उष्टावणीला आणू नका, गवताचे बी वेचून भरवा. नाव घातले नाही, ओळखीची खूण घातली नाही, दातही मुद्दाम वाकडे चालवले. साळूआत्याने शिकवल्याप्रमाणे सोबत परतीची पाने घडी करून ठेवली, म्हणजे पाठवणारा कोण ते न कळताही उत्तर मागे येईल. वर नऊ पाने गुंडाळली आणि दुपारी ते पुडके पुढच्या कोनाड्यात ठेवून ती मागे फिरली.

चौकीने गेले असते तर दोन दिवसांत उत्तर आले असते. इथे दहा दिवस गेले. वाटेतली एक उंदरीण बाळंत झाली होती आणि तिच्या बिळातली ये-जा बंद होती; दोन बिळे रिकामी पडली होती; एका बेडकाला पुडक्याचा विसर पडला होता. हे सगळे धुरपीला नंतरही कधी कळले नाही. तिला फक्त रोज रिकामा कोनाडा दिसे. ती कामावर जाई, दाणे वेची, तोंड मिटून ठेवी. केरबा वारल्याचे तिने कामावरच ऐकले. घोरपडीने त्याच्या घरी दोन पसे धान्य पाठवले होते.

अकराव्या दिवशी उत्तर आले. गिरजाच्या दातांची खूण धुरपीने लगेच ओळखली. अक्काचा समोरचा एक दात जरा आखूड होता.

"तू कोण ते मला माहीत नाही," असे त्यावर होते. "तू खरं सांगत असशीलही. पण मागं अशाच एका पानानं आम्हाला माळावर नेलं. मी चार पिल्लं घेऊन निघाले आणि तीन घेऊन परत आले. त्या पानालाही नाव नव्हतं. कोठार निदान दिसतं तरी, कुठं आहे ते ठाऊक असतं. आता असलं पान आलं की मी वाचते आणि टाकते. तुला उत्तर दिलं ते एवढ्यासाठीच की माझं ऐकून दुसऱ्या कुणाला तरी लिहायचं थांबवशील."

धुरपीने ते पान तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना ती त्या नऊ पुडक्यांची वजने आठवत होती, जणू वजनावरून काही कळणार होते.

उष्टावणीला आता सोळा दिवस उरले होते. एक पान जायला पुरतील एवढेच. उत्तराची वाट पाहून पुन्हा लिहिण्याइतके नव्हे.

नाव लिहिले तर ते कुणीही लिहू शकतो. धुरपी हे नाव दहा जणांना ठाऊक होते आणि दाताच्या खुणेची नक्कल करणारे मुलखात कमी नव्हते. लहानपणीची एखादी गोष्ट लिहावी, तर ती चौकीनेही कधीकाळी एखाद्या पानात वाचून ठेवलेली असेल. एकच गोष्ट अशी होती की ती दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. चिचुंद्रीच्या कुशीला वास असतो. बाकीच्यांना तो नुसता उग्र वाटतो, पण चिचुंद्र्यांमध्ये प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि बहिणीचा वास बहीण झोपेतही ओळखते. स्वतःचा मात्र स्वतःला येत नाही.

तिने हे साळूआत्याला विचारले तेव्हा पहिल्यांदा सगळी हकीकत सांगितली, बुरशीपासून केरबापर्यंत. साळूआत्याचे काटे हळूहळू उभे राहिले आणि हळूहळू बसले.

"म्हणजे मीसुद्धा तेच खातेय," ती म्हणाली. मग म्हणाली, "वास लावलास की पानाला तोंड फुटलं, धुरपे. वरची नऊ पानं तुझी वाट झाकतील. आतलं पान नाही झाकणार. शेवटचं वेष्टन जो सोलतो त्याच्या हातात ते उघडंच पडतं. आणि शेवटी कोण बसलंय ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. त्या बाजूला एक घूस आहे. ऐसपैस बीळ, स्वच्छ कोनाडा, दिवसाला वीस पुडकी वाहते आणि कधी दमत नाही. सगळे तिचं कौतुक करतात. मला ती आवडत नाही."

"का?"

"आपण बिळं रुंद करतो ती आपल्या अंगाला लागेल तेवढीच. तिनं कुणाच्या अंगासाठी केलंय?"

त्या घुशीला वळसा घालून वाट आखता येईल का, असे धुरपीने विचारले. साळूआत्याने आखून दिली. नऊऐवजी तेरा बिळे झाली. त्याहून जास्त काही करता येण्यासारखे नव्हते.

धुरपीने नवे पान घेतले. या वेळी तिने थोडकेच लिहिले: अक्का, मी आहे. कोठाराचा दाणा पिल्लांना देऊ नको. मग पान जमिनीवर पसरून ती त्यावर आडवी झाली आणि दोन्ही कुशी घासल्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, इतक्या की केस पानाला चिकटले. परतीची पाने ठेवली नाहीत. वर तेरा पाने गुंडाळली. पुढच्या कोनाड्यात पुडके ठेवल्यावर ती नेहमीसारखी लगेच मागे फिरली नाही, थोडी रेंगाळली. मग आतून पावलांचा आवाज आला, तशी निघाली.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. ती रोज कामावर गेली आणि रोज दुपारी दुसऱ्यांची पुडकी वाहत राहिली. एकदा एक पुडके हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती. ते जड होते आणि कुबट वासाचे होते. शेवटी तिने आपले पान सोलून खाल्ले आणि ते जिथे द्यायचे तिथे दिले. 

उष्टावणीच्या सकाळी कोठाराचे अंगण सारवून घेतले होते. मधोमध पाटावर दाण्यांच्या राशी होत्या, आणि वेचणाऱ्या पाच चिचुंद्र्या पत्रावळी घेऊन कडेला उभ्या होत्या. धुरपी त्यांत चौथी होती. रिवाजाप्रमाणे पहिला मान चौकीच्या पिल्लांचा असे, मग बांधाबांधाने बाकीच्यांचा. दारावर मुंगसांचा मुकादम राणोजी उभा होता. यंदा त्याच्याच घरची पिल्ले पहिल्या मानाची होती आणि ती अजून आली नव्हती. तो सारखा रस्त्याकडे पाहत होता.

मग बांधांचे पुकारे सुरू झाले. पहिल्या बांधाच्या उंदरांपैकी निम्मेच आले, तेही पिल्लांवाचून. आलेल्यांनी सांगितले की पिल्लांना ताप आहे, पुढच्या खेपेला आणू. दुसऱ्या बांधाचा ससा एकटाच आला आणि म्हणाला की आमच्या पोरांना अजून दात फुटले नाहीत. सशाच्या पोरांना जन्मतःच दात असतात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कुणी हसले नाही. चौथ्या बांधाचे कुणी नव्हते. सातव्या बांधाचा पुकारा झाला तेव्हा धुरपीने श्वास धरला. अंगणात कुणी पाऊल टाकले नाही. पण न येण्याला कारणे शंभर असतात. माळावर ससाणे असतात. तिने श्वास सोडला नाही.

जे आले त्यांत लावे जास्त होते. लावे गवतात उघड्यावर राहतात. त्यांना बीळ नसते, म्हणून कोनाडा नसतो, म्हणून त्यांच्याकडे कधी कुठले पुडके गेले नव्हते. एक लावी आपली नऊ पिल्ले घेऊन सगळ्यांत आधी आली होती आणि धुरपीच्या अगदी शेजारी रांग करून उभी होती. पिल्ले धुळीच्या गोळ्यांसारखी होती आणि पाटावरच्या राशीकडे मान वर करकरून पाहत होती.

तेवढ्यात ती रुंद बिळाची घूस धापा टाकत दारातून आत आली. तिने एक पान घोरपडीच्या पुढ्यात ठेवले. घोरपडीने ते वाचले आणि तिची जीभ आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिने राणोजीला बोलावले. ती ओरडली वगैरे नाही. एवढेच म्हणाली की हे पान मुलूखभर फिरून आले आहे, लिहिणारी चिचुंद्री आहे हे दहा हातांवरून कळते, आणि इथे पाच चिचुंद्र्या उभ्या आहेत. कुणाचा वास आहे तो शोध, मगच उष्टावण सुरू होईल.

राणोजीने पान नाकाशी धरले. चिचुंद्रीच्या उग्र वासाने त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो पहिलीसमोर गेला, पान हुंगले, तिला हुंगले, पुढे सरकला. दुसरीसमोर तेच केले. तिसरीसमोर जरा जास्त वेळ घेतला. मग तो धुरपीसमोर येऊन उभा राहिला. पान तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आले.

तिचा स्वतःचा वास तिला आला नाही. आला तो गिरजाचा. जोर लावून, दोन्ही कुशींनी घासलेला, पानाच्या मधोमध. आणि गिरजाच्या वासाला लागून सशाचा होता. शेजारच्या सशाने रोजच्या सवयीने गिरजाला ओळखले असणार आणि आपल्या शेजाऱ्यासाठी आपली हनुवटी घासली असणार. सशाच्या पुढे उंदराचा, उंदराच्या पुढे कासवाचा, कासवाच्या पुढे एका म्हाताऱ्या खवलेमांजराचा, अशी ती रांग पानाच्या कडेकडेने फिरत गेली होती. एकेक जण आपल्या पुढच्याच्या ओळखीचा. मूळ लिहिणारी कोण, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसेल. धुरपीने इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

राणोजीचे नाक एव्हाना त्या उग्र वासाला सरावले होते आणि त्याखालचे वास त्यालाही एकेक करून येऊ लागले होते. तो पान फिरवत गेला. कडेच्या एका कोपऱ्याशी, घुशीच्या ओल्या वासाच्या अगदी आधी, त्याचे नाक थांबले. त्याने पुन्हा हुंगले. तिथे वाळलेल्या गवताचा वास होता, पिल्लांच्या लाळेचा होता आणि त्याच्या स्वतःच्या उंबऱ्याचा होता. त्याने एकदा दारातल्या पहिल्या मानाच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि नाक परत पानात घातले.

"काय रे, लागला का माग?" घोरपडीने पाटापाशी उभे राहून विचारले.

राणोजी पान हुंगतच राहिला. अंगणात सगळे जिथल्या तिथे थांबले होते. ऊन चढत होते.

शेजारच्या लावीला हा काय प्रकार चालला आहे ते कळत नव्हते. ती धुरपीकडे वळून हळूच म्हणाली, "अजून वेळ आहे का हो, बाई? पिल्लं पहाटेपासून उपाशी आहेत."

धुरपीने त्या नऊ पिल्लांकडे पाहिले. मग समोर, वीतभर अंतरावर, पानात खुपसलेल्या नाकाकडे पाहिले.

"लावीबाई," ती म्हणाली, "त्यांना हा दाणा भरवू नका. याला बुरशी आहे. मी धुरपी, इथंच वेचायला असते. मी माझ्या नाकानं हुंगलाय."

ती मोठ्याने बोलली नाही. पण मुंगसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. राणोजीचा एक कान तिच्याकडे वळला आणि तसाच राहिला. नाक मात्र त्याने पानातून वर काढले नाही.